8 जीबी रॅममध्ये 4 जीबीची फाइल का मावत नाही? पायथनमधला 'स्ट्रीम' समजून घेऊया

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला सांगलीहून भाचीचा फोन आला. "मावशी, लॅपटॉप परत अडकला गं, माउससुद्धा हलेना." इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे ती, प्रोजेक्ट पावसाच्या आकड्यांवर आहे आणि गाइडनी तिला पेनड्राइव्हवर एक सीएसव्ही फाइल दिलीय, म्हणजे एका ओळीत एक नोंद आणि मधे स्वल्पविराम अशी साधी टेक्स्ट फाइल. शंभरेक पर्जन्यमापक केंद्रं, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, अशी अठरा-एकोणीस वर्षांची. फाइल 4 जीबीची, लॅपटॉपची रॅम 8 जीबी. तिचं म्हणणं अगदी रास्त होतं, "4 जीबीची फाइल 8 जीबीत टाकली तर निम्मी जागा उरायला पाहिजे ना? मग मेमरी-एरर कसला देतोय हा?"

हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच, आणि बहुतेकांना आधी कुणीतरी "रॅम वाढवून घे" असं सांगून झालेलं असतं. त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण विद्यार्थ्याला खर्च सांगायच्या आधी पायथनच्या (भाची ज्या भाषेत प्रोग्राम लिहिते त्या भाषेच्या) स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे पायथन टाकलं की सोबत फुकट येणाऱ्या सामानात, काय काय आहे ते सांगायला पाहिजे. तर तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितेय.

## 4 जीबीचे 26 जीबी कसे झाले

आधी हिशोब करू. तिच्या फाइलमधली एक ओळ साधारण 60 बाइटची आहे (बाइट म्हणजे साठवण मोजायचं छोटं माप, इंग्रजी एक अक्षर म्हणजे एक बाइट धरा). 4 जीबी भागिले 60 केलं की साडेसहा कोटी ओळी येतात. आता या ओळी तिनं पायथनच्या यादीत भरल्या, एका ओळीचे सहा रकाने सुटे करून. इथेच गोम आहे.

फाइलमध्ये '12.45' हा आकडा लिहायला पाच बाइट लागतात. पण तोच आकडा पायथन स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, म्हणून मेमरीत ठेवतो तेव्हा नुसती अक्षरं ठेवत नाही, त्याच्यासोबत ही वस्तू कुठल्या प्रकारची आहे, तिची लांबी किती, ती किती ठिकाणी वापरली जातेय अशी सगळी माहिती चिकटवतो आणि ते प्रकरण पन्नासेक बाइटवर जातं. वर यादीत त्या स्ट्रिंगचा पत्ता लिहून ठेवायला 8 बाइट. बोटाएवढा पेढा आणि त्याला बुटाचं खोकं, असं प्रत्येक पेढ्याला वेगळं खोकं! सहा रकाने मिळून एका ओळीला 400 बाइट सहज लागतात, साडेसहा कोटी गुणिले 400 म्हणजे 26 जीबी. 8 जीबीचा लॅपटॉप काय करणार, तो हार्डडिस्कलाच रॅम समजून वापरायला लागतो, डिस्क रॅमच्या मानानं फारच हळू, म्हणून माउस हलेनासा होतो आणि शेवटी मेमरी-एरर.

म्हणजे 16 जीबी रॅम टाकली असती तरी काम झालंच नसतं.

## मग करायचं काय? गिरणीवाला बघा

तुम्ही गिरणीत दळण घेऊन जाता. गिरणीवाला दिवसाला दहा-पंधरा पोती दळतो, पण त्याच्या जात्यात एका वेळेला किती गहू असतो? मूठ-दोन मुठी. वरून धान्य सुटतं, जात्यातून जातं, खाली पीठ पडतं. पोतं पन्नास किलोचं असो नाहीतर पाच किलोचा डबा असो, जातं तेवढंच राहतं.

डेटा असा वरून थोडा थोडा सुटत येतो, आपण तेवढ्यावर काम करतो आणि पुढे सोडतो, याला म्हणायचं स्ट्रीम, म्हणजे प्रवाह. हे गूढ अजिबात नाही, रोजच्या वापरातलं आहे. मोबाइलवर पिक्चर बघताना पूर्ण पिक्चर आधी डाउनलोड होत नाही, येईल तसा दिसतो. चॅटबॉटला काही विचारलं की उत्तर शब्द-शब्द उमटत जातं तेही हेच, सगळं उत्तर तयार होईपर्यंत थांबायचं नाही, जेवढं आलं तेवढं पुढे द्यायचं.

भाचीला हवं काय होतं? प्रत्येक केंद्राचा दर महिन्याचा एकूण पाऊस. त्यासाठी साडेसहा कोटी ओळी एकदम हातात असायची काहीच गरज नाही. एक ओळ घ्यायची, केंद्र आणि महिना बघायचा, पावसाचा आकडा त्या खात्यात मिळवायचा आणि ओळ सोडून द्यायची. शंभर केंद्रं गुणिले एकोणीस वर्षांचे 228 महिने म्हणजे 22,800 बेरजा, मेमरीत राहणार एवढंच.

## ही कल्पना काही आजची नाही

अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत डग्लस मॅकिलरॉय म्हणून होते, त्यांनी 1964 साली एका टिपणात लिहून ठेवलं होतं की प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या पाइपासारखे जोडता आले पाहिजेत, आणखी एक तुकडा लागला की पिळून बसवला. 1973 मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते प्रत्यक्षात आणलं, आजही तिच्याच वळणाच्या लिनक्सच्या काळ्या स्क्रीनवर दोन कमांडच्या मधे जी उभी रेघ मारतात ती तीच, पाइप. त्या काळच्या मशीनची मेमरी केबीत मोजायची, त्यामुळे सगळं एकदम उचलायची चैन कुणालाच नव्हती, आणि त्या टंचाईतून ही इतकी सुंदर गोष्ट जन्माला आली असं माझं मत आहे.

पायथन 1991 ला आलं. आपल्याला लागणारी मोठी सोय मात्र डिसेंबर 2001 मधल्या 2.2 आवृत्तीत आली, फाइलवर सरळ 'फॉर' लूप फिरवायची, म्हणजे एकेक ओळ घेऊन तेच काम परत परत करायची सोय, आणि 'यील्ड' नावाचा शब्द. त्याच्याकडे येतेच.

## एकेक ओळ वाचली तर स्लो नाही का होणार?

भाचीचा पुढचा प्रश्न हाच होता आणि तो चांगला प्रश्न आहे. "साडेसहा कोटी वेळा डिस्ककडे जायचं म्हणजे सकाळ होईल मावशी."

इथे पंगत आठवा. पंचवीस पानं बसलीत आणि वाढपी एकेक पुरी आणायला प्रत्येक वेळी आचाऱ्याकडे पळतोय, असं कधी बघितलंय का? तो परात भरून आणतो आणि पानोपानी एकेक वाढतो. परात रिकामी झाली की परत आत. जेवणाऱ्याला एकेकच मिळते पण खेपा कमी होतात.

ही परात म्हणजे बफर. आपण पायथनला 'ओपन' म्हटलं की तो गुपचूप तीन थर एकावर एक रचून देतो. सगळ्यात खालचा थर डिस्कशी बोलतो, त्याला फक्त कच्चे बाइट कळतात. मधला थर परात सांभाळतो. वरचा थर बाइटची अक्षरं करतो आणि ओळी तोडून आपल्या हातात देतो. परातीचं माप बरीच वर्षं 8192 बाइट, म्हणजे 8 केबी होतं, नव्या आवृत्तीत ते वाढवलंय. जुनं माप धरलं तरी 4 जीबीला पाच लाखाच्या आसपास खेपा होतात, साडेसहा कोटी नाही. आणि खालून ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा तुम्ही पुढचं मागणार हे ओळखून आधीच थोडं वाचून ठेवते.

म्हणून एवढंच करायचं, फाइल उघडायची, स्टँडर्ड लायब्ररीतल्या सीएसव्ही मोड्यूलच्या (मोड्यूल म्हणजे एका प्रकारच्या कामाचा तयार संच) 'रीडर'कडे द्यायची आणि त्याच्यावर 'फॉर' फिरवायचा. 'रीडलाइन्स' म्हणायचं नाही (ते सगळ्या ओळींची यादी करतं), रिकामा 'रीड' म्हणायचा नाही (ते अख्खी फाइल गिळतं). तिच्या प्रोग्राममध्ये 'रीडलाइन्स'च होतं, इंटरनेटवरच्या कुठल्यातरी उदाहरणातून उचललेलं, आणि ते उदाहरण वीस ओळींच्या फाइलचं होतं.

## 'यील्ड' म्हणजे दुकान उघडं ठेवून थांबलेला माणूस

साधं फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधला एक काम करणारा तुकडा, 'रिटर्न' म्हणतं आणि संपतं, दुकान बंद, शटर खाली. पण फंक्शनमध्ये 'यील्ड' लिहिलं की ते एक वस्तू हातावर ठेवतं आणि आहे त्या जागी थांबून राहतं, हातातलं काम हातात, हिशोब डोक्यात. तुम्ही "पुढचं दे" म्हटलं की तिथूनच पुढे. अशा फंक्शनला जनरेटर म्हणतात.

फायदा काय, तर असे जनरेटर एकापुढे एक लावता येतात. भाचीच्या प्रोग्राममध्ये आता तीन आहेत. पहिला ओळ देतो. दुसरा खराब नोंदी गाळतो, कारण काही केंद्रांचं यंत्र बंद असताना पावसाच्या जागी -999 लिहून ठेवलंय, ते बेरजेत गेलं तर उणे पाऊस पडेल. तिसरा तारखेतून महिना काढतो. शेवटी बेरीज. बघताना वाटतं की पूर्ण फाइल आधी पहिल्यातून जाते, मग पूर्ण दुसऱ्यातून, पण तसं होत नाही! शेवटची बेरीज "दे" म्हणते, तिसरा दुसऱ्याकडे मागतो, दुसरा पहिल्याकडे, पहिला एक ओळ देतो आणि ती एकटी ओळ तिन्ही टप्पे पार करून बेरजेत पडते, मग पुढची. मागणी खालून वर जाते आणि माल वरून खाली येतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे, त्यामुळे इथे थांबून दोनदा वाचा, तिलाही मी दोनदा सांगितलं.

छोट्या कामाला फंक्शनसुद्धा लिहावं लागत नाही. 'सम'च्या आत चौकोनी कंस टाकून आकडे गोळा केले तर पायथन आधी अख्खी यादी बनवतो मग बेरीज करतो, तेच चौकोनी कंस काढून टाकले, गोल कंसच ठेवला, की एकेक आकडा येतो आणि मिळवला जातो. फरक फक्त कंसाचा.

## बेरीज ठीक आहे, पण सगळ्यात मोठे दहा, किंवा मधला आकडा?

बेरीज, मोजणी, कमाल, किमान, सरासरी हे सगळं चालता चालता होतं, सरासरीला फक्त बेरीज आणि संख्या दोन्ही धरून ठेवायच्या. सगळ्यात जास्त पावसाच्या दहा नोंदी हव्या असतील तर हीप-क्यू नावाच्या मोड्यूलमध्ये 'एन-लार्जेस्ट' आहे, ते फक्त दहाच नोंदी हातात ठेवतं आणि त्यातल्या सगळ्यात लहानीपेक्षा मोठी आली की बदली करतं.

मिडियन, म्हणजे सगळे आकडे ओळीनं लावल्यावर बरोबर मधे येणारा, हा खरा अवघड. त्याला सगळे आकडे बघून झाल्याशिवाय उत्तर नाही. पण आपला डेटा काय आहे ते बघा ना! पंधरा मिनिटांतला पाऊस मिलिमीटरमध्ये, तिनं एका दशांशापर्यंत घेतलाय. अगदी 200 मिलिमीटरपर्यंत धरलं तरी 0.0 ते 200.0 असे वेगवेगळे आकडे फक्त 2001 होतात. म्हणजे साडेसहा कोटी नोंदी साठवण्याऐवजी कुठला आकडा किती वेळा आला एवढं मोजायचं, कलेक्शन्समधला 'काउंटर' त्यासाठीच आहे, आणि शेवटी छोट्या आकड्यापासून मोजत अर्ध्यावर पोचलो की मिडियन सापडला, अगदी अचूक. हे ऐकून ती फोनवर गप्पच झाली, मग म्हणाली, "एवढंच?" एवढंच.

सॉर्टिंग, म्हणजे सगळ्या नोंदी क्रमानं लावणं, मात्र असं चालता चालता होत नाही, तिथे तुकडे करावे लागतात. मेमरीत मावेल एवढा तुकडा घेऊन सॉर्ट करून वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा, असे सगळे तुकडे झाले की हीप-क्यूमधलं 'मर्ज' त्यांना एकत्र विणतं, प्रत्येक तुकड्यातली फक्त वरची नोंद बघून. लिनक्सची 'सॉर्ट' कमांड मोठ्या फाइलला नेमकं हेच करते.

## एकदा दळलं की दळलं

स्ट्रीमची एक सवय नव्या माणसाला हमखास गोंधळात टाकते. जनरेटरवर एकदा फिरून झालं की तो रिकामा. दुसऱ्यांदा फिरवलात तर एरर येत नाही, नुसतं काहीच मिळत नाही. भाचीनं आधी ओळी मोजल्या, मग त्याच जनरेटरची बेरीज केली, बेरीज आली शून्य, आणि तिला वाटलं फाइलच खराब आहे. पीठ झालं की त्याचा परत गहू होत नाही. एकाच फेरीत दोन्ही कामं करा, नाहीतर जनरेटर नव्यानं बनवा. फाइलला तरी 'सीक' म्हणून परत सुरुवातीला नेता येतं, जनरेटरला तेही नाही.

दुसरी गोष्ट, 'विथ'च्या (काम संपलं की फाइल आपोआप बंद करणारी सोय) आत फाइल उघडून जनरेटर बाहेर दिला आणि वापरला मात्र 'विथ' संपल्यावर, तर तोपर्यंत फाइल बंद झालेली असते. एरर येतो, बंद फाइलवर काम करताय म्हणून. जनरेटर आळशी असतो, मागेपर्यंत काही करत नाही, हे विसरलं की असं होतं.

आणि प्रत्येक फाइल प्रवाही नसते. जीझिप केलेली, म्हणजे दाबून लहान केलेली, फाइल 'जीझिप' मोड्यूलनं उघडून, डिस्कवर न उलगडता, ओळी-ओळीनं वाचता येते, 4 जीबीचा मजकूर कितीतरी कमी जागेत ठेवून. झिपचं तसं नाही, तिची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे शेवट हाताशी असल्याशिवाय आत काय काय आहे ते नीट कळत नाही. जेसन ही डेटा टेक्स्टमध्ये लिहायची आणखी एक पद्धत, तिचंही तेच, 'जेसन-लोड' अख्खी फाइल वाचूनच काम करतं, म्हणून मोठा डेटा देणारे लोक एका ओळीत एक सुटी जेसन नोंद अशी पद्धत वापरतात. डेटा देणाऱ्यांनी याचा विचार करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण घेणाऱ्याकडे 8 जीबीचा लॅपटॉप असू शकतो.

## प्रोग्राम अडकला की नुसता गप्प आहे?

प्रोग्राम चालू झाला, भाचीनं दर दहा लाख ओळींनंतर एक वाक्य छापायची सोय केली, आणि मित्राच्या लिनक्स मशीनवर चालवताना आउटपुट फाइलमध्ये वळवलं. दहा मिनिटं झाली तरी फाइलमध्ये काही नाही. तिनं बंद करून परत चालवलं, परत तेच.

अडकलं काहीच नव्हतं. लिहितानाही परात असते. आउटपुट थेट स्क्रीनवर जात असेल तर पायथन ओळ संपली की लगेच दाखवतो, पण फाइलमध्ये किंवा पाइपात जात असेल तर परात भरेपर्यंत थांबतो. 'प्रिंट'ला 'फ्लश = ट्रू' असं सांगितलं की लगेच बाहेर येतं.

खरं अडकणं वेगळं असतं, तेही सांगते. दोन प्रोग्रामच्या मधला पाइप म्हणजेसुद्धा एक परातच, लिनक्सवर साधारण 64 केबीची. लिहिणारा जोरात आणि वाचणारा हळू असेल तर परात भरते आणि लिहिणाऱ्याला आपोआप थांबवलं जातं, हे चांगलंच आहे, नाहीतर पुऱ्यांचा ढीग जमिनीवर पडेल. पण आता समजा वाढपी म्हणतोय, आचाऱ्याचं सगळं तळून संपलं की मगच मी परात उचलीन, आणि आचारी म्हणतोय परात रिकामी केलीस तर मी पुढची तळीन. दोघंही थांबलेत, कायमचे. पायथनच्या सबप्रोसेस मोड्यूलमध्ये दुसरा प्रोग्राम सुरू करून त्याचं आउटपुट पाइपात घेतलं आणि न वाचता नुसतं 'वेट' म्हटलं की अगदी हेच होतं, आउटपुट 64 केबीच्या आत असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि एक दिवस मोठं आउटपुट आलं की गाडी थांबते. पायथनच्या अधिकृत माहितीतच तसा इशारा दिलेला आहे. उपाय म्हणजे 'कम्युनिकेट' वापरा, पण ते सगळं आउटपुट मेमरीत घेतं, म्हणून आउटपुट खूप मोठं असेल तर त्याच्यावरही 'फॉर' फिरवून ओळी-ओळीनं वाचत राहा.

## आणि मराठी अक्षर मधोमध कापलं जातं तेव्हा

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. भाचीच्या फाइलमध्ये केंद्रांची नावं देवनागरीत आहेत, सातारा, पुणे, महाबळेश्वर. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, पण आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सुद्धा वेगळी चिन्हं. 'मराठी' म्हणजे म, र, काना, ठ, वेलांटी, अशी पाच चिन्हं, 15 बाइट.

आता कुणी हौसेनं स्वतःच 8192 बाइटचे तुकडे वाचायला घेतले. सलग देवनागरी मजकूर असेल तर 2730 चिन्हांचे 8190 बाइट होतात, उरले दोन. म्हणजे 2731 व्या चिन्हाचे दोन बाइट या तुकड्यात आणि तिसरा पुढच्या तुकड्यात. प्रत्येक तुकड्याची वेगवेगळी अक्षरं करायला गेलात तर एकतर एरर येतो, नाहीतर "चूक असली तर बदली चिन्ह टाक" असं सांगितलेलं असेल तर एका अक्षराच्या जागी दोन काळे चौकट-प्रश्नचिन्ह उमटतात. वेबसाइटवर, ॲपमध्ये चांगल्या मराठी वाक्यात मधेच एखादं असं प्रश्नचिन्ह दिसतं ना, त्याचं एक कारण हे. इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, कारण त्याचं अक्षर कापलंच जात नाही, एका बाइटला कुठून कापणार?

पायथननं याची सोय केलेली आहे. मघाशी म्हटलं तो सगळ्यात वरचा थर अर्धवट अक्षर मिळालं की ते बाजूला धरून ठेवतो आणि पुढची परात आली की जोडतो. म्हणून टेक्स्ट असेल तर टेक्स्ट म्हणूनच उघडा, बाइटचे तुकडे स्वतः जोडत बसू नका. नेटवरून तुकडेच येत असतील तर कोडेक्स मोड्यूलमध्ये 'इन्क्रिमेंटल डिकोडर' आहे, तो हेच काम करतो.

विंडोजवर आणखी एक खड्डा आहे. 'ओपन'ला एन्कोडिंग, म्हणजे बाइटची अक्षरं कुठल्या पद्धतीनं करायची ते, सांगितलं नाही तर आज वापरात असलेल्या बहुतेक पायथनमध्ये विंडोजची जुनी, पश्चिम युरोपच्या लिप्यांसाठीची 1252 नंबरची कोड-पेज (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) धरली जाते. गंमत म्हणजे तिच्यात 'सातारा' बिनतक्रार वाचला जातो, फक्त अगम्य रोमन अक्षरं होऊन. 'पुणे' आलं की मात्र प्रोग्राम थांबतो, कारण उकाराचा शेवटचा बाइट त्या कोड-पेजमध्ये कुठल्याच अक्षराला दिलेला नाही. 'महाबळेश्वर'मधल्या जोडाक्षराच्या हलंताचं तसंच. भाचीच्या फाइलमध्ये पुण्याची नोंद पहिल्याच काही ओळींत होती म्हणून तिला लगेच कळलं. नुसतं सातारा, कराड, वाठार अशीच नावं असती तर पूर्ण फाइलचा कचरा होऊन बाहेर आला असता आणि एकही एरर नाही. 'एन्कोडिंग यूटीएफ-8' हे दोन शब्द प्रत्येक 'ओपन'मध्ये लिहा, सवयच लावून घ्या.

## मग प्रत्येक ठिकाणी स्ट्रीमच?

नाही, तसं काही नाही. दोन-चार एमबीची फाइल असेल, तिच्यावर दहा वेळा मागे-पुढे फिरायचं असेल, तर सरळ मेमरीत घ्या, उगाच जनरेटरच्या माळा लावू नका. पांडास ही आकडेवारीच्या कामाची पायथन लायब्ररी वापरणाऱ्यांनाही काही सोडायची गरज नाही, त्याच्या सीएसव्ही वाचणाऱ्या फंक्शनला 'चंकसाइझ' सांगितलं की तोसुद्धा तुकड्या-तुकड्यानं देतो, आणि तो आकडे मेमरीत पायथनच्या यादीपेक्षा पुष्कळ दाटीनं ठेवतो, खोकं न घेता. माझा नियम साधा आहे, फाइल किती मोठी होईल हे माझ्या हातात नसेल तर पहिल्या दिवसापासून स्ट्रीम. आज गाइडनी शंभर केंद्रांची दिली, उद्या पाचशेची देतील.

त्या रात्री पावणेबारापर्यंत आम्ही बोलत होतो. शेवटी तिनं टास्क मॅनेजर उघडून बघितलं, पायथन तीसेक एमबीवर स्थिर होता, ओळींचा आकडा चार कोटींच्या पुढे गेलेला. "मावशी, मी झोपू का आता, हा चालू राहू दे?" म्हटलं झोप, फक्त लॅपटॉपचं स्लीप बंद कर. सकाळी व्हॉट्सॲपवर 22,800 ओळींची छोटीशी फाइल आली होती, आणि खाली प्रश्न, एका केंद्राचा 2009 चा जून पूर्ण कोरडा दिसतोय, तो खरंच कोरडा होता का -999 गाळताना गेला? आता ते शोधतोय.